दुकानाचं माप उपाशी राहिलं

तीर्थस्वरूप अक्का हिला धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द आजवर पत्रात नुसता लिहीत आलो. आज लिहायला बसण्याआधी खोलीचं दार लोटून खरोखर घालून पाहिला. आठही अंगं जमिनीला लागली. पूर्वी देवळात घालायचो तेव्हा पोट तेवढं टेकायचं आणि बाकीची मंडळी वर तरंगत राहायची. तेवढ्यात तुझी भावजय दार ढकलून आत आली आणि काय सांडलं म्हणून विचारू लागली.)

इकडे सर्व ठीक. तिकडचं कसं आहे ते विचारत नाही, कारण तब्येतीची चौकशी केलीस तर फोन ठेवून देईन अशी तंबी तू दिलेली आहेस. डोळ्यांचा पिवळेपणा, पायांवरची सूज, जिना चढताना मध्येच पायरीवर बसणं, हे सगळं मला भाऊजींकडून कळतं. ते तुझे यजमान असले तरी या बाबतीत माझ्या पक्षाचे आहेत. मागच्या महिन्यात मी माझ्या यकृताचा तुकडा तुला द्यायचा विषय पुन्हा काढला, तेव्हा फोनवर तू जे बोललीस ते इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो, म्हणजे 'मी असं कधी म्हटलंच नव्हतं' असं तुला नंतर म्हणायला नको. तू म्हणालीस, "तुझं पोट कापून मला जगायचं नाही. आणि तुझ्या त्या चरबीच्या गोळ्याचं मी करू काय? आधी एक वेळचं जेवण सोडून दाखव, मग तोंड वर करून माझ्याशी बोल. तोवर विषय बंद." भाऊजी शेजारी बसून ऐकत होते. तेव्हा तो विषय मी या पत्रात काढणार नाही. मी फक्त माझ्या जेवणाविषयी लिहिणार आहे, आणि जेवणाविषयी बोलायला तू मला आजवर कधी बंदी केलेली नाहीस.

थोडं मागून सांगतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा माझ्या पोटावर ते थंडगार मलम चोपडून आतला फोटो काढला, तेव्हा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की यकृतावर चरबी साचली आहे, अशा यकृताचा तुकडा घेत नाहीत, त्यात देणाऱ्यालाही धोका आणि घेणाऱ्यालाही. मी विचारलं, यकृत म्हणजे नक्की कुठलं. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोट टेकवलं आणि म्हणाल्या, काळीज हो, काळीज. मी म्हटलं काळीज तर छातीत असतं, धडधडतं ते. त्या म्हणाल्या, धडधडतं ते हृदय, काळीज म्हणजे हेच, खाटकाला विचारा. मी येताना खरंच खाटकाच्या दुकानात शिरलो. त्याने एक गर्द तपकिरी, ओला, चकचकीत गोळा उचलून फळीवर ठेवला आणि किती देऊ म्हणून विचारलं. अक्का, म्हणजे आपण जन्मभर काळजात धस्स झालं, काळजाला घरं पडली, काळजाचं पाणी झालं असं म्हणत छातीला हात लावत आलो, आणि तो सगळा प्रकार खाली उजव्या बाजूला चालू होता. आणि अचंबा पुढेच आहे. हा एकच अवयव असा की कापून मोठा तुकडा काढून दिला तरी देणाऱ्याचा काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो आणि घेणाऱ्याच्या पोटात तो तुकडाही वाढू लागतो. मी बाईंना हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्या जरा चिडल्या. मी त्या दिवशी आमच्या काट्यांच्या दुकानात परत गेलो आणि कामाला हात लावला नाही, नुसता बरगडीखाली हात ठेवून बसून राहिलो. (हा तो विषय नव्हे. हा खाटकाचा विषय आहे.)

बाईंनी पिष्टमय पदार्थ बंद करायला सांगितले. मी ऐकलं 'पिष्ट' आणि समजलो 'पीठ'. त्यामुळे पाव बंद, बिस्किटं बंद, आणि पीठ नाही म्हणून बटाटे मात्र दोन्ही वेळा, उकडून, तळून, लोण्यात परतून. पुढच्या भेटीत मी मोठ्या अभिमानाने माझा आहार सांगितला तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तुझ्या भावजयीलाच बोलावून समजावलं की भात, पाव, बटाटा, साखर, गोड फळं हे सगळं एकाच टोळीतलं आहे. तेव्हापासून आमच्याकडे अंडी, मासे, पालेभाजी, लोणी, मूठभर बदाम. पहिले काही दिवस मी जेवून उठायचो तो काहीतरी राहिलं आहे अशा चेहऱ्याने, आणि स्वयंपाकघरात जाऊन कपाटं उघडून बघायचो. नंतर सवय झाली. हे चार महिने चाललं आणि चार महिन्यांत माझं वजन एक किलोसुद्धा कमी झालं नाही.

ते का, हे सांगायचं तर दुकानाचं सांगावं लागेल. आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो हे तुला ठाऊक आहे, पण मी तिथे माप कसा झालो ते तुला कधी सांगितलेलं नाही. मोठा काटा दुरुस्त झाला की त्याच्यावर सरकारी शिक्का मारलेली लोखंडी वजनं रचून तो तपासायचा असतो. ती वजनं उचलता उचलता कंबरडं मोडतं. माझं वजन गेली कित्येक वर्षं एक्क्याण्णव किलो, ना इकडे ना तिकडे. हे सगळ्यात आधी अचूकच्या लक्षात आलं. (अचूक हे आमच्या दुकानातले सर्वांत जुने कारागीर. काटा बरोबर लागला की चष्मा कपाळावर सरकवून "अचूक" म्हणतात, म्हणून ते नाव.) त्यांनी ठरवलं की लोखंड कशाला हलवायचं, याला उभा करू. तेव्हापासून काटा दुरुस्त झाला की मला हाक. मी वर चढायचो, अचूक काट्याच्या पोटातला स्क्रू फिरवत एक्क्याण्णव आणायचे, मग मी खाली उतरायचो. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्याकडे मापच असं आहे की ते रोज डबा घेऊन कामावर येतं. लोखंडी वजनांवर धूळ बसली. मी या नोकरीत फार काही कमावलं नाही, पण इतक्या लोकांचा माझ्या वजनावर विश्वास होता याचं मला बरं वाटायचं.

आता गंमत बघ. मी माझं वजन कुठे बघणार? दुकानात. अचूक काटा माझ्यावरून लावायचे आणि मी त्या काट्यावर माझं वजन बघायचो. लोणी, मासे, पालेभाजी खाऊन मी थोडा थोडा उतरत होतो, आणि मी जेवढा उतरायचो तेवढा स्क्रू अचूक पुढे फिरवायचे. दर वेळी एक्क्याण्णव. हे मला तेव्हा अजिबात कळलं नाही. पँट सैल झाली तेव्हा मी धुणाऱ्याला दोष दिला. पट्ट्याला आत नवीन भोक पाडावं लागलं तेव्हा मी चामडं ताणलं गेलं असं ठरवलं. शेजारचा म्हणाला, बारीक दिसताय, तेव्हा मला वाटलं त्याला काहीतरी उसनं हवं असणार. आणि बाईंच्या दवाखान्यातल्या काट्यावर तरी खरं कळावं, तर तो काटाही त्याच आठवड्यात आमच्याच दुकानात दुरुस्तीला येऊन, माझ्यावरूनच लागून गेला होता. त्यावरही एक्क्याण्णव. बाईंनी मला बसवून शांतपणे विचारलं की मी चोरून काय खातो. मी शपथेवर सांगितलं की काही नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. त्या संध्याकाळी मी तुला फोन केला आणि तू ते जेवण सोडून दाखवायचं बोललीस. तुला वाटलं असणार, हा काही या जन्मात जेवण सोडत नाही, म्हणजे आपण सुटलो.

मी दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेलो आणि म्हटलं, मला सलग उपाशी राहायचं आहे, एक वेळ नाही, अनेक दिवस. त्यांनी आधी साफ नकार दिला. मग रक्त तपासलं, हृदयाचा कागद काढला, बरंच काही विचारलं. (मला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी नाही हे त्यांनी चार प्रकारे विचारून घेतलं.) शेवटी म्हणाल्या की पाच दिवस, त्याहून एक तासही जास्त नाही, रोज सकाळी इथे येऊन रक्त द्यायचं, पाणी भरपूर, त्यात मीठ, कोरा चहा चालेल, आणि चक्कर आली की शहाणपणा न करता थांबायचं. चार महिने पिष्ट खाल्लेलं नाही म्हणून शरीराला हे थोडं सोपं जाईल, असंही म्हणाल्या. सोपं हा शब्द त्यांनी का वापरला हे पहिल्या दिवशी दुपारी मला काही केल्या समजेना.

पोटात कावळे ओरडतात असं आपण सहज म्हणतो. माझ्या पोटात त्या दिवशी त्यांची सभा भरली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडले आणि मी काम आहे असं सांगून मागच्या खोलीत जाऊन एका काट्याच्या चाकाचे दात ब्रशने घासत बसलो. भिंतीपलीकडून चावण्याचे आवाज येत होते. अचूक काकडी खातात तेव्हा केवढा आवाज होतो हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी दुकानात कुणालाही काही सांगितलं नव्हतं. चेष्टा होईल ही एक भीती, आणि का करतोस असं विचारलं तर तुझं नाव घ्यावं लागेल ही दुसरी. दुसऱ्या दिवशी माझा स्वभाव बिघडला. न्हाणीघरातला नळ गळत होता, मी त्याला उभा राहून बोललो. तुझी भावजय दुसऱ्या खोलीत गेली. माझ्या तोंडाला पिकून काळ्या पडलेल्या फळासारखा वास येतोय असं ती म्हणाली, आणि झोपताना तिने उशी पायथ्याशी नेली. त्या दिवशी बस थांब्यावर एक बाई सफरचंद खात होती. मी तिच्याकडे बघत होतो हे मला कळलं नाही. ती उठून पलीकडच्या बाकावर गेली, तरी मी बघतच होतो, तेव्हा तिने उरलेलं सफरचंद पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन लावली.

आणि मग तिसरा दिवस उजाडला. हे तुला कसं सांगू ते मला नीट सुचत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो. मी जागा झालो आणि भूक नव्हती. दबलेली वगैरे नाही, नव्हतीच. मी अंथरुणात बसून पोट दाबून पाहिलं, कुठे लपली आहे का. आत शांत होतं. मी इतकी वर्षं या शरीरात राहतो, पण ते असं गप्प असलेलं मी कधी ऐकलेलं नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आतल्या कोठारातून खातंय ते आता. म्हणजे जी चरबी मी लाजेने शर्टाखाली झाकत फिरलो, ती दोन दिवस मला उपाशी ठेवून, मी खरंच खात नाही अशी खात्री पटल्यावर, कुणीतरी माझ्यासाठी आतून काढून देऊ लागलं होतं. मी ते कधी शिकलो नव्हतो. मला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्याही अंगात ते आहे, त्या बस थांब्यावरच्या बाईच्या अंगातही आहे, आणि आपण सगळे रस्त्यावरून असं चालतो जसं काही दुपारचं जेवण चुकलं तर संपलो. मी घाबरलो थोडा. देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसं काहीतरी मला झालं आणि त्या दिवशी मी सगळ्यांशी हळू बोलत होतो.

वासांचं तर विचारू नकोस. खालच्या मजल्यावर कुणी कांदा परतायला घेतला की तो केव्हा गुलाबी झाला आणि केव्हा करपायला लागला हे मला वर बसून कळायचं. (एकदा मी जिन्यातून ओरडून सांगितलंही. त्या बाई आता मला भेटल्या की पदर सावरतात.) लोखंडाला वास असतो. पावसाळी छत्रीला असतो. दुकानातल्या तेलाच्या दोन डब्यांमधलं जुनं कुठलं हे मी झाकण न उघडता सांगितलं. आणि मीठ, अक्का. पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि पहिला घोट घेतला, तेव्हा मी ग्लास खाली ठेवून खुर्चीवर बसलो. आपण आयुष्यभर यावर बाकीचं सगळं ओतून ते झाकून टाकतो. मी तो ग्लास बराच वेळ पुरवला. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात कुठलाच वास येत नाही. तुझी भावजय उपास सुरू झाल्यापासून चूल पेटवत नव्हती. स्वतः न शिजवलेलं गार काहीतरी, माझ्याकडे पाठ करून, उभ्याने खात होती. मी विचारलं तर म्हणाली की गारच आवडतं आजकाल.

त्याच चौथ्या दिवशी दुकानात भानगड झाली. व्यायामशाळेचा पहिलवान मास्तर खांद्यावर काटा घेऊन आत आला आणि तो त्याने मालकांच्या टेबलाशी आपटला. दोन दिवसांपूर्वी आम्हीच तो दुरुस्त करून दिला होता. तेव्हापासून व्यायामशाळेतल्या प्रत्येक माणसाचं वजन वाढलं होतं. जितका घाम गाळावा तितकं जास्त. दोघांनी वर्ग सोडला, एकाने बायकोशी भांडण केलं, आणि स्वतः मास्तर, जो आरशासमोरून हलत नाही, तो रात्रभर झोपला नव्हता. मालकांनी अचूककडे पाहिलं. अचूक म्हणाले की काटा चुकणं शक्य नाही, मापावरून लावला आहे. मग मालक स्वतः उठले, मागच्या खोलीतून धूळ पुसत लोखंडी वजनं आणली, एकेक रचली. काटा भलताच पुढे दाखवत होता. दुकानातले इतर काटे काढले. सगळे पुढे. जे महिन्यापूर्वीचे ते थोडे, या आठवड्यातले खूप. अचूकचा चेहरा बघवत नव्हता. मालकांनी एक काटा लोखंडावर नीट लावला आणि मला म्हणाले, चढ.

मी चढलो. सत्याहत्तर.

सगळे काट्याभोवती जमले. पहिलवान मास्तरसुद्धा पुढे वाकून आकडा बघत राहिला. अचूकने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, मग माझा दंड धरून दाबून पाहिला, मी जागेवर आहे की नाही याची खात्री करावी तसा. "बाकीचा कुठे गेला?" त्यांनी विचारलं. ते अगदी मनापासून विचारत होते. मलाही ते माहीत नव्हतं. (संध्याकाळी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बराचसा श्वासातून गेला. मला वाटलं थट्टा करतात, पण नाही, चरबी जळते आणि बहुतेक सगळी तोंडानाकावाटे हवेत जाते. म्हणजे चौदा किलो मी याच गल्लीत, बसमध्ये, दुकानात, फुंकून टाकले. येताना मी मुद्दाम हळू श्वास सोडत आलो.) मालकांनी विचारलं, हे कशासाठी. मग मला सांगावं लागलं. तुझं नाव घेतलं, त्याबद्दल रागावू नकोस. मालकांनी एवढंच विचारलं, बहीण थोरली की धाकटी. मी म्हटलं थोरली. त्यांनी बाही वर केली आणि स्वतःच एकेक काटा लोखंडावर घ्यायला सुरुवात केली. अचूक मला आपली खुर्ची देऊन त्यांना मदत करायला गेले. आता गावातून सगळे काटे परत बोलावणं चालू आहे. बाईंचाही आला. त्या फोनवर आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, मी तुम्हाला चार महिने उगाच चोर ठरवलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी उपास सोडला. (तुझी भावजय सगळ्यांना सांगते की सोडला, मोडला नाही. या दोन क्रियापदांवर ती सध्या फार काटेकोर आहे.) बाईंनी बजावलं होतं की एकदम ताटावर तुटून पडलात तर दवाखान्यात आणावं लागेल. म्हणून आधी वाटीभर पालेभाजीचं नितळ पाणी, चमच्याने. मग बऱ्याच वेळाने अर्धं उकडलेलं अंडं. मी अंड्याकडे नीट पाहिलं. पिवळ्याचा एक कण जिभेवर ठेवला आणि मला रडू आलं. अंड्यावर रडलेला माणूस आपल्या घराण्यात याआधी झाला असेल असं वाटत नाही. तुझी भावजय आधी हसली, मग तीही रडली, आणि मग तिने उठून चूल पेटवून स्वतःसाठी काहीतरी गरम केलं.

तर असं हे. तुझी अट एका जेवणाची होती, मी पाच दिवसांची जेवणं सोडली. जास्तीची बोनस समज. भाऊजींना नमस्कार. तुझ्या हातून हे पत्र फाडलं जाण्याची शक्यता धरून मी एक नक्कल त्यांच्याकडेही पाठवली आहे.

पूर्वीपेक्षा चौदा किलोंनी कमी, पण तुझाच,
धाकटा

ता. क. : एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उपासानंतर बाईंनी पुन्हा पोटाचा फोटो काढला. (हे यंत्र आमच्याकडे दुरुस्तीला येत नाही, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.) काळीज साफ आहे. पण बाई म्हणतात की हे काम चार महिन्यांच्या पालेभाजीचं आहे, पाच दिवसांच्या उपासाचा त्यात फार वाटा नसावा. काटा खरा असता तर उपाशी राहायची गरजच पडली नसती. हे ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो. तरी मला त्या पाच दिवसांचं वाईट वाटत नाही. औषध म्हणून त्यांचा उपयोग नव्हता, पण तू घातलेली अट दुसऱ्या कशाने पुरी झाली नसती.

ता. क. दुसरं : विषय मी काढलेला नाही. सोबत रिपोर्टची प्रत आहे, विषय तिने काढला. रक्तगट जुळतो, नसा जुळतात, माप जुळतं. अक्का, चरबी हे निमित्त होतं हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तुला माझी भीती वाटते. मला शस्त्रक्रियेच्या टेबलावर काही झालं तर, ही भीती. ती मलाही वाटते, खोटं कशाला बोलू. पण तू जिन्याच्या मधल्या पायरीवर बसतेस हे भाऊजी सांगतात तेव्हा मला त्याहून जास्त भीती वाटते, आणि मग रात्री मी कूस बदलत राहतो. मी गेले काही महिने जे काही सोडलं ते याच एका गोष्टीसाठी सोडलं. आता तू तुझा हट्ट सोड. हो म्हण. भाऊजींना सांगितलंस तरी चालेल, मला सांगायला अवघड वाटत असेल तर.

ता. क. तिसरं आणि शेवटचं : हो म्हटलंस तर एक कळवून ठेवतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दोघांनाही उपाशी ठेवतात, शेवटी तर पाणीसुद्धा नाही. तुला कधी जमलेलं नाही हे मला माहीत आहे, चहाला उशीर झाला तरी तुझं डोकं दुखतं. पण घाबरू नकोस. मी शेजारच्याच खाटेवर असेन, मला आता हे येतं. जड वाटलं की मला हाक मार, मी तुला शिकवीन.